सहा टायरांचा आहेर

ज्योतीराम : केस कुठं गेले, आबा?

आबाजी : कुणाचं केस?

ज्योतीराम : टायरांचे.

आबाजी : सकाळपास्नं पोटात काय गेलंय का न्हाई तुझ्या? टायराला केस असत्यात व्हय?

ज्योतीराम : नव्याला असतेत. साच्यातनं निघतानी रबराचे बारीक केस अंगावर राहतेत, दाढीच्या खुंटावानी. शे-दीडशे मैल गाडी पळाली की झिजून जातेत. ही गाडी पिंपरीहून कुरुळीला आली, दहा मैल. केस असायला पाहिजेत. मी चारदा फिरून बघितलं, एक सापडंना.

(वैशाखातली सकाळ, दहा वाजून गेलेले. कुरुळीत आबाजींच्या दारात मांडव आणि मांडवाबाहेर लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली त्यांची लॉरी. एरवी ती चाकणचे कांदे-बटाटे मुंबईला नेते. आज तिला आंब्याचे डहाळे बांधलेत आणि सहाही चाकांवर हळदीकुंकवाची बोटं ओढलीत. थोरल्या मुलाचं, हिंदुरावचं, उद्या दुपारी घाटाखाली कर्जतला लग्न. वऱ्हाड अकराला हलायचं, दिवेलागणीला मुलीकडे पोचायचं. ड्रायव्हर ज्योतीराम बीडकडचा. चार दिवस गावी गेलेला, तो आज पहाटे परतला आणि तेव्हापासून त्या चाकांभोवती घिरट्या घालतोय. माणूस तसा शांत. पण आज त्याचा एक पाय जागेवर ठरत नाही.)

आबाजी : हळू बोल. मांडवात नानाची माणसं बसल्यात. पाना घे हातात, नट आवळतोयस असं दाखव.

ज्योतीराम : घेतला पाना. आता सांगा, हे टायर बसवले तवा तिथं आपलं कोण होतं?

आबाजी : आपलं म्हंजी काय? नाना कोण मग? पोराचा सख्खा मामा त्यो. पिंपरीत निर्वासितांच्या क्यांपाच्या कडंला टायरचं दुकान टाकून सहा वर्सं झाली त्याला. सोमवारी आला, म्हणला, दाजी, भाच्याचा आहेर मी मांडवात न्हाई देणार, आधीच देतो. सहाच्या सहा टायर नवं घालून देतो, वऱ्हाड माझ्या टायरांवर जाऊ द्या. गाडी घिऊन गेला, मंगळवारी बाराच्या आत आणून उभी केली. मी नारळ फोडला. सगळी आळी बघाया आली हुती.

ज्योतीराम : आन् जुने टायर?

आबाजी : ठिवून घेतलं असत्याल. भंगारच की ते. आहेर करणाऱ्याकडं आपुन जुनं मागायचं का?

ज्योतीराम : मागायचे होते, आबा.

आबाजी : हे बघ ज्योतीराम. आहेराचं लुगडं आलं तर घड्या मोडून भोकं बघत बसतो का आपुन? डोक्याला लावतो आन् ठिवतो. ही रीत हाय आमच्यात.

ज्योतीराम : आमच्यातबी हाय. पण लुगड्यात चाळीस माणसं बसवून घाट कुणी उतरत नाही.

आबाजी : तुला नक्की खटकतंय काय? केस न्हाईत एवढंच?

ज्योतीराम : ह्या पुढच्याला हात लावा. लावा की. आता हात बघा.

आबाजी : काळा झाला.

ज्योतीराम : काजळी हाय. वास घ्या. नव्या रबराचा वास डोक्यात चढतो, ह्याला एरंडेलाचा वास यायलाय. तेल-काजळी कुणी फासली? आबा, झिजलेला टायर खपवायचा असला की काय करतेत, मी डोळ्यानं बघितलंय. गरम पात्यानं त्यात नव्या खाचा कोरायच्या आन् वरनं तेल-काजळी मारायची. दिसायला नवाकोरा. पण आत रबर राहिलेलंच नसतं, खाच सरळ आतल्या कापडाला जाऊन टेकलेली असती. सपाटीला चालतो तसा टायर. घाटात ब्रेक मारून मारून तापला की मग सांगता येत नाही.

आबाजी : तू नानाला लबाड म्हणतोयस.

ज्योतीराम : मी त्यांचं नावबी घेतलं नाही. त्यांनाबी कुणी फसवलं असंल. नखानं उकरलं तर नुसती काजळीच निघती. मला एक मागलं चाक उतरून बघू द्या. आतनं हात फिरवला की कळतंय.

आबाजी : किती येळ?

ज्योतीराम : गाडीवर तांदूळ हाय, भांडी हायेत, अर्ध्या बाया चढून बसल्यात. सगळं खाली घ्यायचं, जॅक लावायचा. दोन तास धरा.

आबाजी : दोन तास! आन् नाना समोर उभा ऱ्हाऊन बघणार, दाजी आपला आहेर उघडून तपासत्यात म्हणून. इकडं बोललास ते बोललास. आता गप, शालन येतीया.

शालनबाई : आवं, तुमी हितं काय चाकाला टेकून बसलाय? भटजी तिकडं विचारत्यात, नवरदेवाला कवा बाहेर काढायचं. वाजंत्रीवालं दोन डाव वाजवून थकलं. आन् ज्योतीराम, तू कवा आलास? च्या घेतलास का?

ज्योतीराम : घेतला, काकी.

आबाजी : काय न्हाई, नट आवळतोय त्यो.

शालनबाई : नट आवळाया एवढं तोंड उतरतं का? मी काय आज नवी आले व्हय ह्या घरात? एकतीस वर्सं झाली तुमचं तोंड बघून. काय झालं ते सांगा.

आबाजी : ह्याला टायराचं केस गावंनात.

शालनबाई : केस? ते रबराचं बारीक बारीक? आरं, ते मी काढलं.

ज्योतीराम : तुमी?

शालनबाई : मी न्हाई तर कोण? मंगळवारी गाडी दारात आली. पूजा करायची म्हणून मी हळदीची बोटं ओढाया बसले, तर हळद लागंच ना. बोट गुततंय त्या केसात. म्हणलं, नवरदेवाची दाढी हुईल आन् गाडी अशी दाढी वाढवून जायाची काय लग्नाला? ह्यांचं दाढीचं जुनं पातं घेतलं आन् बसले भादराया. दोन बोटं कापून घेतली, ही बघ. मग पांढुरकं डाग दिसाया लागलं, म्हणून एरंडेलात दिव्याची काजळी कालवली आन् फडक्यानं चोळली. कसं चकाकलं सांग. ह्या आबासाहेबांनी तर वळखलंबी न्हाई, म्हणलं, नानानं काय टायर दिल्यात.

आबाजी : घे. ज्योतीराम, घे आता. चार दिवस हितं नव्हतास आन् आल्या आल्या घरात कालवा.

ज्योतीराम : काकी, कुण्या चाकापासनं सुरू केलं तुमी?

शालनबाई : ह्याच. पुढच्या.

ज्योतीराम : थांबा. मी आतल्या बाजूला हात घालतो. जरा सरका. हाय. हाय, आबा. एक केस राहिला हाय आतल्या कडंला, पातं पोचलं नाही तिथं. हे बघा, बोटाला टोचायलाय. आन् खाचंच्या मधी साच्याची रेघबी लागती. नवा हाय हा. शंभर टक्के नवा.

आबाजी : मग? आता मानलंस का?

ज्योतीराम : हा दुसराबी तसाच हाय. पुढचे मानले. मागं बघतो.

शालनबाई : आता आनि काय बघायचं मागं?

ज्योतीराम : ह्याला एकबी केस नाही, काकी. आतल्या कडंलाबी नाही.

शालनबाई : मागं येईस्तवर हात बसला हुता माझा. पयल्या दोनांना चुकत माकत केलं, मागच्यांना आतबाहेर नीट केलं. सहाच्या सहा केलं म्या. दुपारपास्नं दिवा लागंपतोर बसले हुते, विचार कुणालाबी.

आबाजी : झालं. संपलं. बायकोनं टायर भादरलं, जगात कुणी केलं नसंल असं काम. ज्योतीराम, पाना ठिव, फेटा बांध. माणसं चढवा.

ज्योतीराम : आबा, एकच चाक उतरवू द्या. एकच.

आबाजी : आता का? तिनं सांगितलं न्हवं?

ज्योतीराम : सांगितलं.

आबाजी : मग तिच्या शब्दावर इश्वास न्हाई तुझा? मालकिणीच्या?

ज्योतीराम : इश्वास हाय हो. माझं मनच थाऱ्यावर नाही, त्याला काय करू.

शालनबाई : ज्योतीराम, मी सांगते ते ऐक. तुला ठावं न्हाई, म्हणून सांगते. माझ्या लग्नात माझ्या बापानं काय दिलं न्हवतं. द्यायला नव्हतंच. तेव्हापास्नं ह्या घरात कुणी सासूला विचारलं, सुनंच्या माहेरनं काय आलं, की आत्याबाई हात हालवून दावायच्या, असं, रिकामा. आजबी दावत्यात. नाना तवा सात वर्सांचा. माझ्या गाडीमागं पळत मोशीच्या नदीपतोर आला हुता, मागं फिरंना. पुढं पिंपरीला त्यानं उघड्यावर बसून पंक्चर काढली, मग पत्र्याखाली गेला. आन् परवा त्यानं सगळ्या आळीपुढं सांगितलं, सहा टायर माझं. आत्याबाई चाकाला हात लावून गेल्या, काय बोलल्या न्हाईत. एकतीस वर्सांनी पयल्यांदा काय बोलल्या न्हाईत. आन् तू आज चाक उघडून बघतो म्हणतोस.

ज्योतीराम : काकी, मला नानासाहेबांचा अपमान करायचा नाही.

शालनबाई : मग करू नगंस.

आबाजी : तुला एवढी धास्ती कसली रं पण? इतकी वर्सं घाट उतरतोयस तू. घाटातल्या शिंग्रोबा देवाला पैसा टाकतोस, आन् आख्खा घाट गाणं म्हणत उतरतोस.

ज्योतीराम : गाणं भ्यालो की म्हणतो, आबा.

आबाजी : म्हंजी?

ज्योतीराम : तुमच्याकडं यायच्या आधी मी धरणाच्या कामावर माणसं न्यायचो. दुसऱ्या मालकाची गाडी. मालक म्हणला, टायर नवे हायेत. मी बघितलं नाही. वरनं खाचा दिसल्या, तेवढ्यावर निघालो. घाटात मागचा डावा फुटला. गाडी पुढनं सरळच राहिली, माझ्या हातात सुकाणू होतं, मला खरचटलंबी नाही. मागचा साटा, माणसं बसलेला, तेवढा कड्याकडं फिरला आन् उलथला. पुढं आमी तिघं बसलेलो, तिघंबी उठून उभं राहिलो. मागं बसलेले सहा गेले. त्यात माझा धाकटा भाऊ होता, अर्जुन. मीच त्याला म्हणलं होतं, पुढं दाटी व्हायली, तू मागं बस.

आबाजी : हे कवा सांगितलं न्हाईस.

ज्योतीराम : काय सांगायचं. नंतर तो टायर बघितला. कोरलेला होता. खाचंत नुसता दोरा दिसायलाता. गाडी निघायच्या आधी नखानं जरी उकरलं असतं तरी दिसला असता. तवापासनं मी उकरून बघतो. एवढंच हाय, दुसरं काय नाही.

आबाजी : बरं. झालं ते लई वाईट झालं. पण हितं तसं न्हाई. हितं घरच्या माणसानं दिलंय, घरच्या माणसानं भादरलंय. शालन, मागच्या चाकाकडं काय बघतीस?

शालनबाई : काय न्हाई.

आबाजी : चला मग. पुढं हिंदुराव, त्याच्या कडंला नाना, आन् ज्योतीराम. बाकीची मागं. चिमाजी गड्याला म्हणावं, मागली फळी नीट लाव.

शालनबाई : लेकीला, छबूला पुढं घ्या.

आबाजी : छबू बायकांत बसंल की.

शालनबाई : तान्हं हाय तिच्याजवळ. मागं धक्कं बसत्यात. पुढं घ्या तिला.

आबाजी : बरं, छबू पुढं. हिंदुरावला जरा सरकाया सांगतो.

शालनबाई : आन् आत्याबाईंनाबी.

आबाजी : आईला? आईला पुढं चढवायचं म्हंजी चार माणसं लागत्याल.

शालनबाई : लागू द्यात. म्हातारं माणूस हाय. आन् तुमच्या भनीची, सुभद्राची, दोन पोरं हायेत ना, ती लहान हायेत, मांडीवर बसत्याल.

आबाजी : अगं, पुढं किती कोंबतीस? तीन माणसांची जागा ती. हिंदुराव बसणार कुठं, टपावर?

शालनबाई : हिंदुरावला सोडू नगा पुढनं. त्याला कायबी झालं तरी मागं बसवू नगा.

आबाजी : आन् नाना?

शालनबाई : नाना मागं बसतो म्हणतोय.

आबाजी : मागं? मामा मागं? येडा हाय का त्यो? नवरदेवाच्या कडंला मामा बसतो, आजपतोर असंच चालत आलंय. लोक काय म्हणत्याल?

शालनबाई : मी सांगितलं त्याला. त्यो म्हणला, अक्का, मला मागंच बसू दे. फळीपाशी, चाकावर. सकाळपास्नं घास तोंडात घातला न्हाई त्यानं. लाडू दिला तर हातात धरून बसला. मी इचारलं, पोटात दुखतंय का, तर मान हालवली.

ज्योतीराम : काकी.

शालनबाई : काय?

ज्योतीराम : सगळ्यांना पुढं का बसवायलात?

शालनबाई : सांगितलं न्हवं, धक्कं बसत्यात मागं.

ज्योतीराम : दरसाल जेजुरीला मागंच बसून जातेत सगळे. आत्याबाईबी मागंच असतेत.

आबाजी : ज्योतीराम, आता पुरं. वाजंत्री सुरू झाली.

शालनबाई : वाजंत्री थांबवा.

आबाजी : काय?

शालनबाई : थांबवा म्हणते. नगा, ऱ्हाऊ द्या, वाजू द्या. वाजतीया तवर कुणाला ऐकू जाणार न्हाई. ज्योतीराम, माझ्याकडं बघू नगंस, तिकडं बघ. मी पुढच्या दोनच चाकांचं केस काढलं.

ज्योतीराम : आन् मागले?

शालनबाई : मागच्यांना केस न्हवतंच. पातं घिऊन मागं गेले तर हाताला कायबी लागंना, गुळगुळीत. मला वाटलं, नानाला कळतं ह्यातलं, त्यानं काढून दिलं असत्याल. खरंच तसं वाटलं. म्हणून नुसती काजळी लावली. आज तू बोलाया लागलास तवा मला उमगलं. तरी मी सहा म्हणले. त्यो मांडवात बसलाय, आत्याबाई बसल्यात, माझ्या तोंडातनं सहाच आलं.

आबाजी : शालन.

शालनबाई : बोला मला काय बोलायचं ते. मग बोला. आधी त्याला बघू द्या.

ज्योतीराम : मी खाली शिरतो. आबा, तुमी हितं उभे राहा, धोतराचा आडोसा करा. चाकू द्या तुमचा. पान लावायचा.

आबाजी : घे. दिसतं का काय?

ज्योतीराम : खाच उकरायलोय. पात्यानं कोरलेली हाय, एका जागी खोल, एका जागी उथळ. साच्याची रेघ नाही. हं.

आबाजी : काय?

ज्योतीराम : दोरा. पांढरा दोरा लागला, आबा. रबर पुठ्ठ्याएवढंबी नाही. आन् हा आतला टायर तर माझ्या वळखीचा हाय.

आबाजी : वळखीचा कसा?

ज्योतीराम : ह्याच्या कुशीला चिरा हाय, दोन बोटं. गेल्या पावसाळ्यात मोशीच्या उतारावर धोंड्यानं पडला होता. मीच आतनं ठिगळ लावलं होतं. हे आपलेच जुने हायेत. चारीच्या चारी आपलेच. कोरून परत घातलेत.

आबाजी : त्याच्या तर. आत्ता मांडवातनं ओढून आणतो त्याला. माझा पोरगा बसणार हुता ह्या गाडीत. माझी आई. चाळीस माणसं.

शालनबाई : आवं, मांडवात पाऊल टाकू नगा. माझं ऐका. आज पोराची हळद उतरली न्हाई अजून.

आबाजी : त्यानं आपल्याला मारलं असतं, शालन!

शालनबाई : व्हय. मारलं असतं. मी न्हाई म्हणत न्हाई. आन् मीबी मारलं असतं, त्याच्यासंगट. त्यानं खोटं चाक दिलं, मी खोटं बोलले. त्याला बोलवायचं असंल तर मलाबी उभं करा त्याच्या कडंला.

ज्योतीराम : आबा, एक सांगू का? त्यांना घाटाचं कळत नसंल. त्यांच्या दुकानात बैलगाड्यांची आन् सायकलींची कामं जास्ती. सपाटीला हे टायर अजून दोन महिने चालले असते. त्यांना वाटलं असंल, लग्न पार पडंल, मग हळूच बदलून देऊ.

आबाजी : तू त्याची बाजू घेतोस? तू?

ज्योतीराम : बाजू नाही घेत. माझ्या त्या मालकाला कवा म्हणावं वाटलं नव्हतं, मी मागं बसतो. नानासाहेब म्हणले.

आबाजी : हं.

शालनबाई : दोन नवी घेताना त्याचा जीव मेटाकुटीला आला असंल. सहा म्हणून बसला आळीपुढं आन् मग मागं कसं फिरायचं. मला सांगायचं तरी हुतं. मी म्हणले असते, दोन दे, लई झालं.

आबाजी : आता रडू नगंस हितं. बायका बघत्यात. ज्योतीराम, पुढचं दोन नवं काढून मागं घातलं तर?

ज्योतीराम : मागं चार लागतेत. दोनानं भागत नाही. गाडी घाटात न्यायची नाही, आबा. मला कामावरनं काढा, पण मी नेणार नाही.

आबाजी : कोण काढतंय तुला. मग वऱ्हाड न्यायचं कसं? उद्या दुपारचं लगीन हाय. तिकडं आज सांजंला आरती घिऊन उभी असत्याल माणसं येशीवर.

ज्योतीराम : आळीत बैलगाड्या किती निघतील?

आबाजी : सात-आठ निघत्याल. बैलगाडीनं घाट?

ज्योतीराम : घाट नाही. तळेगावपतोर. आत्ता निघालं तर दिस मावळायच्या आत टेशनात पोचतेत. रातची आगगाडी कर्जतला सोडती. उशीर व्हईल, वरातीचा थाट जाईल, पण सगळी माणसं जातील.

आबाजी : आन् लोकांना काय सांगायचं? लॉरी दारात सजवून उभी हाय. गावभर सांगून झालंय.

ज्योतीराम : सांगा, इंजिन चालू व्हईना. ड्रायव्हर चार दिवस गावाला होता, गाडी बघितली नाही त्यानं. मला चार शिव्या घाला मांडवात जाऊन. मोठ्यानं घाला, म्हंजी खरं वाटंल.

आबाजी : तुझं नाव खराब हुईल.

ज्योतीराम : माझं नाव बीडकडं हाय, आबा. हितं कोण वळखतंय.

आबाजी : मी वळखतो की. बरं. चिमाजीला पाठवतो गाड्या जोडाया. शालन, तू आईला सांग. काय सांगायचं ते तुझं तू बघ.

शालनबाई : सांगते. बैलगाडीत बसायचं म्हणलं तर खूश व्हत्याल त्या, लॉरीला भीतच हुत्या.

आबाजी : आन् नाना? त्याला काय सांगू?

शालनबाई : त्याला काय सांगायचं न्हाई. गाड्या जुपताना बघंल, गाडी का न्हाई हे त्याचं त्याला कळंल. तुमी फकस्त त्याला हाक मारा आन् म्हणा, पयल्या गाडीत नवरदेवाच्या कडंला बस. बाकी येक शबुद नगा बोलू. मला शपथ घाला पायजे तर, जन्मात पुन्हा खोटं बोलणार न्हाई. पण आज त्याला माणसात बसू द्या.

आबाजी : माझ्या तोंडातनं निघंल का न्हाई, सांगता येत न्हाई.

शालनबाई : निघंल. एकतीस वर्सं बघतीया मी तुमाला.

आबाजी : आन् आहेर? उद्या मांडवात पुकारा हुणार. मामाचा आहेर, सहा टायर. समद्यांच्या म्होरं मीच पुकारायचं? ते माझ्यानं व्हायचं न्हाई. आन् पुकारला न्हाई तर आई इचारंल, मामाकडनं काय आलं.

शालनबाई : ज्योतीराम, बाबा, येक इचारू? खरं सांग. पुढचं दोन नवं हायेत न्हवं? त्यात काय काळंबेरं न्हाई?

ज्योतीराम : दोन खरेच नवे हायेत, काकी. मी हात फिरवून बघितलेत. ते दोन सात वर्सं फिरतील.

शालनबाई : मग आवं, पुकारा करताना म्हणा, मामाचा आहेर, दोन टायर. दोनच म्हणा. पण मोठ्यानं म्हणा, आत्याबाईंना कमी ऐकू येतं.